टाके काढल्यानंतरचा खर्च

पाच फूट पाच इंच उंचीचा माणूस घेऊ. वजन १०३ किलो, साखर अजून ताब्यात, गुडघे मात्र कुरकुरायला लागलेले. त्याचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, ३७.५ च्या थोडा वर जातो. भारतातल्या लठ्ठपणा-शल्यचिकित्सकांच्या संघटनेने आपल्या शरीरांसाठी जे निकष ठरवले, त्यांत ३७.५ च्या पुढे वजन उतरवण्याची शस्त्रक्रिया सुचवता येते. मधुमेहासारखा जोडआजार असेल तर ३२.५ पासूनच. हाच माणूस आरोग्यविम्याकडे गेला की हिशेब बदलतो. विमा नियामकाने २०१९ मध्ये सगळ्या पॉलिसींसाठी प्रमाणित केलेली अट सांगते की बीएमआय ४० हवा, किंवा ३५ आणि सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र विकार, आटोक्यात न येणारा मधुमेह यांपैकी काही हवे, आणि तेही वजन उतरवण्याचे सौम्य उपाय फसल्यानंतर. आपल्या माणसाच्या उंचीला ४० म्हणजे १०९ किलो. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशनचा विचार करा. विमा म्हणतो, आणखी सहा किलो वाढवून या. पण या सहा किलोंवर भांडण्यासाठी हा लेख नाही. अट उद्या सैल झाली तरी विमा रुग्णालयाच्या फाटकापाशी थांबतो, आणि या शस्त्रक्रियेचा मोठा खर्च तिथून पुढे सुरू होतो. माझे म्हणणे असे, की वजनाचे ऑपरेशन सरकारी योजनांच्या आणि कामगार विम्याच्या आवाक्यात आणायला हवे, पण पुढच्या अनेक वर्षांच्या देखभालीसकट. नुसते ऑपरेशन आणायचे असेल तर न आणलेले बरे.

हे बजाजनगर डोळ्यांपुढे ठेवून लिहिण्याला कारण आहे. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. त्याच्यामागून सुट्या भागांच्या कंपन्या आल्या, आणि एमआयडीसीच्या कडेने बजाजनगर वसले. बीड, जालना, परभणीच्या कोरडवाहू गावांतून आयटीआय करून आलेली पोरे इथे पर्मनंट झाली, संसार थाटून बसली. आता त्यांची पुढची पिढी, बरीचशी ठेकेदाराकडे, त्याच शेडमध्ये उभी आहे. आठवडाभर फर्स्ट, आठवडाभर सेकंड, मग नाइट. रात्रपाळीत मध्यरात्रीनंतर चहा-नाश्ता, सकाळी सुटल्यावर चौकातल्या गाडीवर पोहे नाहीतर वडापाव, घरी येऊन पडदे ओढून झोप, दुपारी उठून जेवण. सीएनसी मशीनपुढे आठ तास उभे राहून पायांना गोळे येतात खरे, पण त्यात उष्मांक फारसे जळत नाहीत. पाळीच्या कामाचा आणि वजनाचा संबंध तपासणाऱ्या २८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. रात्रपाळी करणाऱ्यांमध्ये लठ्ठपणाचा धोका २३ टक्क्यांनी जास्त निघाला. म्हणजे ज्या वेळापत्रकावर कारखाना चालतो, त्याच वेळापत्रकावर कामगाराचे पोट सुटते. कंपनीच्या वार्षिक तपासणीत त्याच्या रिपोर्टवर ‘वजन कमी करा’ असा शिक्का बसतो आणि सोमवारी तो पुन्हा नाइटला जातो.

लठ्ठपणा हा सुखवस्तूंचा आजार, हा समज तर केव्हाच खोटा ठरला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या २४ टक्के स्त्रिया आणि २२.९ टक्के पुरुष जास्त वजनाच्या गटात निघाले, तर १८.७ टक्के स्त्रिया आणि १६.२ टक्के पुरुष कमी वजनाच्या. दोन्ही आकडे एकाच देशाचे आणि पुष्कळदा एकाच घराचे. आणि आपल्याकडे नुसत्या वजनाचा काटा पुरेसे सांगतही नाही, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामाने जगाला दाखवून दिले. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय बरोबर २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांतली नवजात बाळे इंग्लंडमधल्या बाळांच्या मानाने पाऊण किलोने हलकी, पण ती कमतरता स्नायूंत आणि अवयवांत. चरबी जवळजवळ शाबूत, असेही याच गटाने दाखवले. दुसरा पुरावा नेदरलँड्सचा. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे उपासमार झाली. त्या काळात आईच्या पोटात पहिले सहा महिने काढलेली मुले एकोणीस वर्षांची होऊन सैन्याच्या तपासणीला आली, तेव्हा त्यांच्यात लठ्ठपणा जास्त सापडला. तो अभ्यास तीन लाख तरुणांचा होता. हे वाचताना मराठवाड्यातल्या माणसाला १९७२ चा दुष्काळ आठवल्याशिवाय राहत नाही. सुकडीवर दिवस काढत खडी फोडणाऱ्या बायकांच्या पोटी त्या वर्षी-दीड वर्षात जन्मलेली मुले आज पन्नाशी ओलांडून निवृत्तीच्या दारात उभी आहेत, आणि त्यांतली कितीतरी वाळूजच्या कारखान्यांत राबली आहेत. हा धागा मी अनुमान म्हणूनच मांडतो. पण ज्याचे शरीर दुष्काळात घडले, त्याला गोऱ्या माणसाच्या मापाने मोजणारी विम्याची अट किती उफराटी आहे, ते यावरून कळावे.

यावर पहिला आक्षेप तोंडावरच येतो. खाणे आवरा, चाला, कशाला हवे ऑपरेशन? हा आक्षेप पोकळ नाही. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या मांडणीवरून लातूरच्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी दोन वेळच्या जेवणाची पद्धत घरोघरी नेली. दोनदाच खा, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत उरका आणि रोज पंचेचाळीस मिनिटे चाला. राज्य सरकारने त्यांना लठ्ठपणाविरोधी मोहिमेचे दूतही केले. पंतप्रधानांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘मन की बात’मधून तेल दहा टक्क्यांनी कमी वापरण्याचे आवाहन केले. पंच्याऐंशी किलोच्या माणसाने यातले काहीही मनावर घेतले तर त्याचा फायदाच आहे, आणि एक पैसा खर्च नाही. पण एकशेवीस किलोच्या माणसाला तोच सल्ला देताना हातात पुरावा काय आहे? अमेरिकेत मधुमेही आणि जाड अशा ५,१४५ लोकांवर ‘लुक अहेड’ नावाचा प्रयोग झाला. आहारतज्ज्ञ, व्यायामाचा आराखडा, पहिले सहा महिने दर आठवड्याला बैठक, म्हणजे शिस्तीने करता येईल तितके सगळे. पहिल्या वर्षी वजन सरासरी ८.६ टक्क्यांनी उतरले. साडेनऊ वर्षांनी हिशेब झाला तेव्हा ते सहा टक्क्यांवर आले होते. एकशेवीस किलोच्या माणसासाठी हे झाले सात किलो. त्याचे कारण शरीरातच सापडते. मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले, की कडक आहाराने वजन उतरवलेल्या लोकांच्या रक्तात भूक चाळवणारी संप्रेरके वर्षभरानंतरही चढलेलीच राहतात आणि पोट भरल्याचा निरोप देणारी उतरलेली. शरीर गेलेले वजन परत मिळवायला वर्षानुवर्षे धडपडत असते. त्या धडपडीशी जो रोज तीन वेळा झुंजतो आणि अखेर हरतो, त्याला आपण आळशी म्हणतो.

म्हणूनच शस्त्रक्रियेचा परिणाम निव्वळ ‘पोट लहान केले, म्हणून कमी खातो’ एवढ्याने समजत नाही. आज सर्वाधिक होणाऱ्या स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा तीनचतुर्थांशाहून मोठा भाग काढून केळ्याच्या आकाराची नळी ठेवतात. जो भाग जातो, त्यातच घ्रेलिन हे भुकेचे संप्रेरक मुख्यतः तयार होते. बायपास या दुसऱ्या प्रकारात अन्न लहान आतड्याच्या सुरुवातीच्या तुकड्याला वळसा घालून पुढे जाते आणि इन्शुलिनशी संबंधित निरोप बदलतात. साखर कधीकधी वजन उतरायच्या आधीच खाली येते ती यामुळे. स्वीडनमध्ये १९८७ पासून चार हजारांवर लोकांचा पाठपुरावा झाला. बायपास झालेल्यांचे वजन दहा वर्षांनंतरही मूळच्या पाऊण पटीवर होते, तर ऑपरेशन न झालेल्यांचे जवळजवळ जिथल्या तिथे. २०२० मध्ये आलेल्या हिशेबानुसार ऑपरेशन झालेल्यांचे आयुर्मान त्यांच्यासारख्याच इतरांपेक्षा तीन वर्षांनी वाढले. अमेरिकेत क्लीव्हलँडच्या १५० मधुमेहींच्या प्रयोगात पाच वर्षांनी साखर पुरेपूर ताब्यात आलेले लोक नुसत्या औषधांवर पाच टक्के होते, स्लीव्हनंतर २३ आणि बायपासनंतर २९. या आकड्यांत एक कडू गोष्टही आहे. बायपास होऊनही शंभरातले एकाहत्तर जण पाच वर्षांनी त्या पातळीला नव्हते. ‘ऑपरेशनने मधुमेह गेला’ असे लिहिलेले फलक शहरात दिसतात, तेव्हा हे एकाहत्तर आठवावेत.

ऑपरेशनची भीतीही आकड्यांनीच मोजावी. अमेरिकेतल्या दहा केंद्रांवरच्या पावणेपाच हजार रुग्णांत तीस दिवसांच्या आत मृत्यू हजारी तीन झाले, आणि हा अभ्यास २००९ चा. सरावलेल्या हातांत हा धोका आता पित्ताशय काढण्याच्या ऑपरेशनच्या जवळ आला आहे. तरीही आपल्याकडे या शस्त्रक्रियेचे नाव काढले की लोकांना इमान अहमद आठवतात. फेब्रुवारी २०१७ मध्ये पाचशे किलोंच्या आसपास वजनाच्या या इजिप्शियन बाईंना मालवाहू विमानाने मुंबईत आणून क्रेनने सैफी रुग्णालयात चढवले. मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली, किती किलो उतरले यावरून डॉक्टर आणि बहीण यांच्यात जाहीर वाद झाला, मे महिन्यात त्या अबुधाबीला गेल्या आणि सप्टेंबरात तिथे वारल्या. त्यांच्या शरीरात लेप्टिनच्या संदेशाशी निगडित जनुकातच दोष होता, पक्षाघात आधीच झालेला होता, हृदय आणि मूत्रपिंडे थकलेली होती. ते प्रकरण या शस्त्रक्रियेचे उदाहरण म्हणून वापरणे दोन्ही बाजूंनी चूक आहे. पण त्या तीन महिन्यांतल्या बातम्या पुन्हा काढून पाहिल्या तर एक गोष्ट खटकते. सगळ्यांना किलो हवे होते. फिजिओथेरपी किती दिवस लागेल, घरी परत गेल्यावर कोण बघेल, अन्न देण्याची नळी किती काळ राहील, हे प्रश्न मथळ्यात कधी आले नाहीत.

माझा मुद्दा तिथेच आहे. ऑपरेशननंतर घरात काय होते ते जरा जवळून पाहू. पहिले पंधरा दिवस सगळे पातळ: वरणाचे पाणी, मुगाचे कढण, गाळलेले ताक, तेही खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने मोजून, तीस मिलिलिटर, घोट-घोट, दर थोड्या वेळाने. मग महिनाभर मऊ भात, कुस्करलेली भाजी. त्यानंतर जेवण सुरू होते, पण ते वाटीभर. प्रत्येक घास पीठ होईपर्यंत चावायचा, वीस-पंचवीस मिनिटे घ्यायची, जेवताना पाणी प्यायचे नाही, आधी-नंतर अर्धा तास नाही. भाकरी-पोळीचा घास घाईत गिळला तर छातीत अडकतो आणि उलटून पडतो. ज्याला कॅन्टीनमध्ये अर्ध्या तासाच्या सुटीतली दहा मिनिटे रांगेतच घालवावी लागतात, त्याने हे कसे करायचे? दिवसाला किमान साठ ग्रॅम प्रथिने हवीत. एका अंड्यात सहा ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात तेवढीच. जठरात मावते वाटीभर, आणि घर माळकरी असेल तर अंडेही नाही. मग पनीर, दही, सोयाबीन आणि बहुतेकांना प्रथिनांची पावडर, जिचा एक डबा ठेकेदारी कामगाराच्या कित्येक दिवसांच्या मजुरीइतका पडतो. तीन-चार महिन्यांनी केस मूठमूठ गळतात, बायका घाबरून औषधे सोडतात. वजन झपाट्याने उतरते म्हणून पित्ताचे खडे होतात. बायपास झालेल्याने सणाला पुरणपोळी खाल्ली तर दहा-पंधरा मिनिटांत घाम, धडधड, चक्कर. तरुण बाईने वर्ष-दीड वर्ष दिवस जाऊ देऊ नयेत असा सल्ला असतो, आणि तो सासूला समजावून सांगायला बहुधा कोणीच नसते.

याहून अवघड गोष्टी उशिरा आणि गुपचूप येतात. बी-१२ हे जीवनसत्त्व अन्नातून सुटे व्हायला जठरातले आम्ल लागते आणि आतड्यात शोषले जायला जठरातच तयार होणारे एक प्रथिन. ऑपरेशनने दोन्ही घटतात. शाकाहारी घरांत बी-१२ आधीच कमी असते. यकृतात त्याचा साठा असतो म्हणून पहिले वर्ष-दोन वर्षे काही जाणवत नाही. मग पायांत मुंग्या, हाताला बधिरपणा, विसराळूपणा. मशीनवर काम करणाऱ्याच्या बोटांना बधिरपणा येणे म्हणजे काय, हे वाळूजमध्ये सांगायला नको. लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांचेही तेच. गोळ्या जन्मभर, रक्ततपासणी तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्यात आणि मग दरवर्षी. बायपासनंतर दारू पटकन चढते आणि दारूचा विकार जडणाऱ्यांचे प्रमाण दुसऱ्या वर्षात वाढते, हे अमेरिकेतल्या अभ्यासात २०१२ मध्ये दिसले. कॅनडातल्या आँटॅरियोत आठ हजारांहून अधिक रुग्णांचा माग काढला, तर स्वतःला इजा करून घेऊन तातडीच्या विभागात येण्याचे प्रमाण ऑपरेशननंतर दीडपट झालेले आढळले. ज्याला वाटत होते की वजन गेले की सगळे सुरळीत होईल, त्याचे लग्न, कर्ज, साहेब सगळे जिथल्या तिथे राहते आणि पोटावर सैल कातडीची घडी लोंबते. यातल्या प्रत्येक गोष्टीवर उपाय आहे, आणि बहुतेक उपाय स्वस्त आहेत. पण ते देणारे कोणीतरी लागते.

आता विम्याकडे परत येऊ. पुष्कळ पॉलिसी दाखल होण्याआधीचे तीस दिवस आणि सुटीनंतरचे साठ दिवस धरतात. बी-१२ चा साठा संपायला लागतात वर्षे. ज्या दिवशी या रुग्णाला तपासणीची सगळ्यात जास्त गरज असते, त्या दिवशी त्याची फाइल बंद होऊन दीड-दोन वर्षे झालेली असतात. पर्मनंट कामगाराचा पगार महिना २१ हजारांच्या वर गेला की तो कामगार विम्यातून, म्हणजे ईएसआयसीतून, बाहेर पडून कंपनीच्या गटविम्यावर येतो, आणि हाच साठ दिवसांचा नियम त्याला लागू होतो. उलट ईएसआयसीचा सांगाडा या कामाला जास्त योग्य आहे. कामगाराच्या वेतनातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के घेऊन ती संस्था दवाखाना, औषधे आणि आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सत्तर टक्के वेतन देते. वस्तीजवळचा दवाखाना, दरमहा औषध देणारी खिडकी आणि रजेचे पैसे या तीन गोष्टी खाजगी विम्याकडे मुळातच नाहीत. अडचण ठेकेदारी कामगाराची. रजेचे पैसे मिळायला सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते, आणि ठेकेदार बदलला की साखळी तुटते.

म्हणून मागणी नेमकी करायला हवी. ज्या योजनेत हे ऑपरेशन मंजूर होईल, तिथे रुग्णालयाला सगळे पैसे ऑपरेशनच्या दिवशी देऊ नयेत. साठ-सत्तर टक्के तेव्हा द्यावेत आणि उरलेले पहिल्या, दुसऱ्या आणि पाचव्या वर्षी, रुग्ण तपासणीला आला, त्याचे वजन, हिमोग्लोबिन, बी-१२ नोंदले गेले, हे पाहूनच. रुग्णालयाचे पैसे पाचव्या वर्षात अडकलेले असले की रुग्ण का आला नाही, हे विचारायला फोन आपोआप जाईल. बी-१२ चे इंजेक्शन आणि गोळ्या ईएसआयसीच्या किंवा आरोग्य केंद्राच्या दवाखान्यातून मिळाव्यात. त्याला सर्जन लागत नाही. शहरातल्या घाटीसारख्या सरकारी रुग्णालयात शल्यचिकित्सक, मेडिसिनवाले आणि मानसोपचारतज्ज्ञ एकाच आवारात आहेत, ही सोय चकचकीत केंद्रांना सहज मिळत नाही. कंपन्यांनीही आपला वाटा उचलावा. अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यात कॅन्टीन हवे हे कारखाने कायद्याने १९४८ मध्येच सांगितले. तिथे तीन महिने या माणसाला वेगळी वाटी आणि मधल्या वेळी दहा मिनिटे द्यायला कोणाची परवानगी लागत नाही. सहा आठवडे जड उचलायचे काम नको आणि सहा महिने नाइट नको, एवढे लेखी ठरले तरी पुष्कळ.

गरीब राज्याने हा खर्च का उचलावा, कुपोषित मुले समोर असताना? प्रश्न रास्त आहे, पण तो उशिरा विचारला जातो. महात्मा फुले जनआरोग्य योजना हृदयाच्या नळ्या फुगवण्याचे आणि डायलिसिसचे पैसे देतेच. केंद्राचा डायलिसिस कार्यक्रम २०१६ पासून चालू आहे. वाढलेले वजन, मधुमेह, रक्तदाब या रस्त्याच्या शेवटच्या टोकाला सरकार पैसे घेऊन उभेच आहे. तिथे पोहोचलेल्या माणसाला कोणी विचारत नाही, की तू काय खात होतास. हेल्मेट न घालता मोटारसायकल घसरून पाय मोडलेल्याला, आणि बजाजनगरात असे कमी नाहीत, सळई घालण्यापूर्वी कोणी चारित्र्याचा दाखला मागत नाही. वजनाच्या रुग्णाकडूनच आधी ‘सौम्य उपाय फसल्याचा’ पुरावा मागितला जातो. उपाय आधी करून पाहावेत हे वैद्यकीयदृष्ट्या योग्यच; पण ज्या समाजाने आहारतज्ज्ञाची एकही मोफत भेट देऊ केली नाही, त्याने हा पुरावा कोणत्या तोंडाने मागायचा? नितीन गडकरींनी २०११ मध्ये मुंबईत अशी शस्त्रक्रिया करून घेतली ही जाहीर गोष्ट आहे आणि त्यात काही वावगे नाही. वावगे इतकेच, की तीच गोष्ट नेत्यासाठी उपचार ठरते आणि सुपरवायझरसाठी चोचले.

दुसरा आक्षेप नव्या औषधांचा. टिर्झेपेटाइडचे इंजेक्शन मौनजारो २०२५ च्या मार्चमध्ये भारतात आले, पाठोपाठ सेमाग्लुटाइडचे वेगोव्ही. सेमाग्लुटाइडचे इथले पेटंट मार्च २०२६ पर्यंतचेच, त्यामुळे किंमत उतरण्याची वाटही मोकळी. मग कापाकापी कशाला? सेमाग्लुटाइडने सव्वा वर्षात सरासरी पंधरा टक्के वजन उतरले, टिर्झेपेटाइडच्या मोठ्या मात्रेने एकवीस टक्क्यांच्या जवळ. हे आकडे शस्त्रक्रियेच्या पुष्कळ जवळ आले आहेत, आणि ३२-३५ बीएमआयच्या माणसाने आधी इंजेक्शनच घ्यावे असे मलाही वाटते. पण सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत आले. दर आठवड्याचे इंजेक्शन जन्मभर चालवायचे आणि नोकरी मात्र अकरा महिन्यांच्या करारावर, हे गणित ठेकेदारी कामगाराला जमणारे नाही. औषधांनी ऑपरेशनची गरज असलेल्यांची संख्या घटेल, संपणार नाही. आणि देखभालीचा माझा मुद्दा इंजेक्शनलाही लागू आहे. ते घेणाऱ्याचेही स्नायू झिजतात, त्यालाही प्रथिने हवीत, त्याचाही कोणीतरी पाठपुरावा करायला हवा.

तिसरा आक्षेप मला सर्वांत पटतो, तो बाजाराचा. निकष खाली आणण्यात शल्यचिकित्सकांचा स्वार्थ नाही असे कोण म्हणेल? २०२२ मध्ये अमेरिकन आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी आशियाई लोकांसाठी रेषा २७.५ वर आणली; पाच फूट पाच इंचाला ती पंच्याहत्तर किलो होते. त्या रेषेच्या वर निम्मे बजाजनगर बसवता येईल. लग्न ठरण्याआधी मुलीचे वजन उतरवून द्या, हप्त्याने पैसे भरा, ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो पाहा, हे सगळे चालू आहेच. पण यावर उपाय म्हणून सरकारी दार बंद ठेवले, तर लोक बाजारातच जाणार आणि कर्ज काढून जाणार. सरकारी दार उघडून त्याला कडक निकष आणि उघड हिशेब जोडला, तर बाजारालाही निदान तुलना सोसावी लागेल. स्वीडनमध्ये २००७ पासून अशा शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंदवही आहे. आपण एका जिल्ह्यापासून सुरुवात करू शकतो. घाटीने वर्षाला वीसच रुग्ण घ्यावेत, जोडआजार असलेले, कामगार आणि शेतमजूर आधी. पाचव्या वर्षी त्या विसांतले किती तपासणीला आले, वजन किती राहिले, बी-१२ किती, किती जण कामावर आहेत, एवढे चार आकडे नावे न घालता जाहीर करावेत. पुढच्या विसांना मंजुरी द्यायची की थांबायचे, ते त्या आकड्यांवर ठरवावे; आणि चौदा जण हजरच झाले नसतील तर थांबावे.